तीन एमबीतली अळी

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला बद्रुद्दीनभाईंचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे कॉम्प्युटर, पलीकडे सरवरीबींचा स्वयंपाक. लग्नाचं शूटिंग बद्रुद्दीनभाई करत, आणि मलकापूरला बीसीए करून आलेली त्यांची मुलगी आलिमा ते कापून-जोडून, गाणी टाकून, डीव्हीडीवर उतरवून देई. आसपासच्या पंधरा गावांतल्या पाठवणीचं रडणं आलिमानं इतक्या वेळा पाहिलं होतं, की कोणती नवरी खरी रडते आणि कोणती कॅमेऱ्याकडे बघून रडते, हे ती आवाज बंद करूनही सांगू शके.

या भागात लग्नं कापसाच्या मागं चालतात. कापूस घरात आला की सोयरिकी जुळतात आणि मग बद्रुद्दीनभाईंना जेवायला फुरसत मिळत नाही. त्यामुळं सप्टेंबर म्हणजे दुकानाचा रिकामा महिना. २०१७ सालच्या अशाच एका रिकाम्या दुपारी भगवानराव दुकानात आले. गावातले जाणते शेतकरी, पंचक्रोशीच्या शेतकरी मंडळाचे अध्यक्ष. काखेत एक लॅपटॉप, तोही टॉवेलात गुंडाळलेला.

"आलिमा, बेटा, एक काम हाये," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पण लग्नाचं नाही."

त्यांची पुतणी पुष्पांजली अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक गेम बनवला होता. स्क्रीनवर कपाशीचं वावर. झाडांना फुलं, हिरवी बोंडं. बोंडावर क्लिक केलं की ते उकलतं. दोन मिनिटांत वीस फुला-बोंडांपैकी कशात गुलाबी अळी आहे आणि कशात नाही, हे ओळखायचं. बस, एवढाच खेळ.

"लोकं म्हणतात, बीटी हाये, बीटीले अळी लागत नाही," भगवानराव म्हणाले. "पाच-सहा वर्षं नव्हती लागत, खरं हाये. आता लागून राह्यली. पण बोंड वरून पाह्यलं तर चांगलं दिसते. उकलून कोणी पाह्यत नाही. कोणी न पाह्यता औषध मारते अन् दवाखान्यात जाते, कोणी न पाह्यता बसून राह्यते अन् पीक घालवते. पाह्याची सवय लागली पाह्यजे लोकायले."

"मंग गेम द्या ना त्यायले."

"लॅपटॉप कोणाजवळ हाये? म्हणून म्हणतो, कोणी तरी हा गेम नीट खेळायचा, ते खेळणं तू रेकॉर्ड करायचं, अन् तो व्हिडिओ मंडळाच्या वेबसाईटवर टाकायचा. मोबाईलवर पाह्यतील. फक्त एक अट हाये. तीन एमबीच्या वर गेला नाही पाह्यजे. वावरात नेटवर्कची एक काडी येते, तेही लिंबाखाली उभं राह्यलं तर."

आलिमानं होकार दिला. तीन तासांचं लग्न चाळीस मिनिटांत बसवणाऱ्या माणसाला दोन मिनिटांचं काय मोठं? पण आधी खेळायला तर यायला हवं. भगवानराव गेल्यावर तिनं गेम सुरू केला आणि वीसपैकी सहा बरोबर आले. पुन्हा खेळली, पाच आले. शेतकऱ्यांच्या गावात राहूनही तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी शेती केलेली नव्हती. आजोबांचा बॅंड होता, अब्बांचा कॅमेरा. कपाशी तिनं पाहिली होती ती एसटीच्या खिडकीतून.

तिसऱ्यांदा हरली तेव्हा मागून आवाज आला, "ते फूल सोडलं काऊन वं तू?"

गोजरबाई होत्या. मागच्या गल्लीत राहत, साठी उलटलेली, अंगानं काटकुळ्या. निंदण, वेचणी, शेवटी वाळलेल्या झाडांच्या पऱ्हाट्या उपटणं, कपाशीतलं असं एकही काम नव्हतं जे त्यांनी चाळीस वर्षांत केलं नसेल. वर्षातले निम्मे दिवस तर त्या भगवानरावांच्याच वावरात असत. काम नसेल त्या दुपारी सरवरीबींकडे चहाला येत आणि जाता-येता कॉम्प्युटरवर कोणाचं लग्न लागलंय ते पाहून जात.

"कोणतं फूल, आजी?"

"हे काय! मिटल्यावाणी. गुलाबासारखं दिसते पाह्य. हे डोमकळी हाये. अळी आत बसून पाकळ्या शिवून घेते. फूल उमलतच नाही मंग." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "अन् हे बोंड पाह्य. हे बी गेलं. अन् ते."

त्यांनी सांगितलं तिथं तिथं आलिमानं क्लिक केलं. तिन्ही बरोबर.

"आजी, तुम्हीच खेळा."

"मी? अव माय! मले काय येते?"

पण येऊन बसल्या. माउस पहिल्यांदा त्यांनी उचलून हवेत धरला, टीव्हीच्या रिमोटसारखा. मग आलिमानं त्यांच्या हातावर हात ठेवून तो टेबलावर फिरवून दाखवला. पंधरा मिनिटं बाण स्क्रीनभर भरकटत होता आणि गोजरबाई त्याला "इकडं ये, इकडं ये मेल्या" म्हणून हाका मारत होत्या. आणि मग तो आला. एकदा हाती लागला म्हटल्यावर त्यांचा हात असा चालला, की आलिमा नुसती बघत राहिली. वेचणीचाच हात होता तो. एक बोंड उकलून होतं न होतं तोच दुसऱ्यावर. दोन मिनिटांचा खेळ त्यांनी एक मिनिट दहा सेकंदांत संपवला. वीसपैकी एकोणीस.

"विसावं काऊन चुकलं?" त्या रागावल्या. "त्यात अळी होती."

नंतर पुष्पांजलीनं फोनवर कबूल केलं, की त्या बोंडाचं उत्तर तिनंच उलटं भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आलिमानं त्यांचा खेळ रेकॉर्ड केला. फाईल झाली सव्वा जीबीची. लग्नाच्या सवयीनं कन्व्हर्ट केली तर साठ एमबीवर आली. साठाची तीन करायची म्हणजे भलतंच काम. तिनं चित्राची लांबी-रुंदी कमी केली, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला फाईलमध्ये किती माहिती भरायची ते माप, खाली खाली ओढलं आणि चौथ्या खेपेला दोन पूर्णांक नऊ एमबीची फाईल निघाली. थोडी धूसर होती, पण वावर वावरासारखं दिसत होतं, बोंडं बोंडांसारखी. भगवानराव खूश झाले. व्हिडिओ वेबसाईटवर चढला.

चार दिवसांनी आलिमानं मोठ्या कौतुकानं तो गोजरबाईंना आपल्या मोबाईलवर दाखवला. गोजरबाईंनी मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब.

"माही अळी कुठं गेली वं?"

"हाये ना आजी. तुम्हीच तर शोधली."

"म्या शोधली. पण यात नाही. हे पाह्य, बोंड उकललं, अन् आत पांढरं. दुसरं उकललं, पांढरं. सगळी बोंडं चांगली दिसून राह्यली."

आलिमानं मोबाईल ओढून घेतला. गोजरबाईंचं खरं होतं. बोंड उकलत होतं आणि आत जिथं अळी असायला हवी, तिथं फक्त मळकट पांढरा डाग होता. आतापर्यंत तिला स्वतःला तिथं अळी दिसत आली होती, कारण ती कुठं आहे हे तिला पाठ होतं.

ती कॉम्प्युटरकडे वळणार तोच भगवानराव आले, फोन हातात, स्पीकर चालू. पलीकडं दुसरबीडचे शेषराव नावाचे शेतकरी होते. आवाज भलताच खूश.

"भगवानराव, तुमचा व्हिडिओ पाह्यला बरं का. दोनदा पाह्यला. जशी बोंडं त्यात दिसायलीत ना, अगदी तशीच आमच्या रानात हायत. आत पांढरी शिप्पट. म्हंजे फवारायचं काम नाही, बरोबर?"

भगवानरावांनी आलिमाकडं पाहिलं. "काका, त्यायले सांगा थांबा म्हणून," ती म्हणाली. "तो व्हिडिओ चुकला हाये. माह्याकडून चुकला." आणि तिथल्या तिथं तिनं तो वेबसाईटवरून काढून टाकला.

भगवानराव रागावले नाहीत. उलट जाताना म्हणाले, "अव, बरं झालं लवकर समजलं." पण त्यानं तिला जास्तच लागलं. संध्याकाळी ती जेवायला आली नाही. सरवरीबींनी पडद्यातून डोकावून दोनदा हाक मारली. मग बद्रुद्दीनभाईच येऊन तिच्याजवळ बसले.

"हुआ क्या?"

तिनं सांगितलं. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र पुरं ठेवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच लिहून ठेवतं. आणि जागा कमी दिली, की आधी बारीकसारीक सोडून देतं. पांढऱ्या कापसातली तांबूस अळी म्हणजे त्याच्या हिशेबी बारीकसारीकच.

बद्रुद्दीनभाईंनी चष्मा काढून पुसला. "रंग पहले मरता है, बेटा. टेप के जमाने में भी यही था. दुल्हन का लाल शालू, पूरा फैल जाता था. नाक कहाँ, नथ कहाँ, कुछ समझ में नहीं आता था."

"फिर आप क्या करते थे?"

"करना क्या? मशीन तो बदल नहीं सकते थे. शूटिंग बदलते थे. कॅमेरा पास ले जाओ, नथ से तस्वीर भर दो, और दुल्हन को बोलो, बेटी, हिलना मत."

आलिमानं त्यांच्याकडं पाहिलं आणि उठून आधी जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं व्हिडिओ एकेक चित्र करून पाहिला. जागा नेमकी कुठं खर्च होते आहे? उत्तर समोरच होतं. गेममध्ये वारा होता. प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान सतत डुलत होतं. हजार पानं, आणि प्रत्येक पान दर क्षणाला थोडं बदललेलं. बिचारं सॉफ्टवेअर सगळी शिदोरी त्या पानांवर उधळत होतं, आणि अळीच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

तिनं पुष्पांजलीला फोन लावला. "वारा बंद करता येईल का?"

"दीदी, त्या वाऱ्यावर मी महिना घालवलाय," पुष्पांजली म्हणाली. "सर म्हणाले, सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. वारा काढला तर वावर मेल्यासारखं दिसेल."

गोजरबाई तिथंच बसल्या होत्या. त्यांनी फोनकडं तोंड करून, लांब गावाला हाक मारावी तशा आवाजात विचारलं, "का वं पोरी, तू कधी भर दुपारी कपाशीत गेलती? सप्टेंबरात? तथी पान हालत नाही. घाम डोळ्यात जाते तरी पान हालत नाही. वारा असता तर आम्ही देवाले काय मागतलं असतं?"

पुष्पांजली हसायलाच लागली. "काढते, आजी. काढते वारा." आलिमानं मागितलेली आणखी एक गोष्टही तिनं करून दिली. बोंडावर क्लिक केलं, की ते उकलून आख्ख्या स्क्रीनभर व्हायचं. दोन दिवसांत नवा गेम ईमेलनं आला.

आता राहिली तिसरी गोष्ट, "बेटी, हिलना मत". आणि तिथं घोडं अडलं. गोजरबाईंचा हात थांबेना. उकललेलं बोंड स्क्रीनवर तीन सेकंद तरी स्थिर राहायला हवं होतं. तेवढ्या वेळात चित्र निवळून स्वच्छ होतं, अळी अळीसारखी दिसते. पण गोजरबाई एका सेकंदात पुढच्या बोंडावर.

"आजी, थांबा ना जरा. मनातल्या मनात तीन मोजा."

"मोजते ना. एक-दोन-तीन." आणि तेवढ्यात दोन बोंडं संपलेली.

"हळू मोजा."

"अव बाई, हा हात उभ्या जन्मात बोंडावर थांबला नाही. थांबला की मागची बाई पुढं जाते." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचं जनावर आहे. "तूच सांग त्याले."

सहा वेळा रेकॉर्डिंग झालं, सहा वेळा फुकट. दुपारी चार वाजता लाईट जाणार होती, भारनियमनाची वेळ ठरलेली. सरवरीबींनी चहा आणला. चहा घेताना आलिमानं सहज विचारलं, "आजी, यात अळी हाये हे तुम्हाले वरून कसं समजते?" गोजरबाई सांगायला लागल्या. आणि सांगताना, स्क्रीनवरच्या बोंडावर धरलेला त्यांचा हात अगदी गप्प झाला. पाच सेकंद, सहा सेकंद. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आलिमानं कप खाली ठेवला. अब्बांच्या पेटीतून नवरदेवाला लावायचा कॉलर माइक काढला आणि गोजरबाईंच्या पदराला अडकवला.

"आता खेळा. पण प्रत्येक बोंड उकललं, की मले सांगा आत काय हाये. मले काहीच येत नाही असं समजून सांगा."

"समजायचं काय त्यात? तुले नाहीच येत," गोजरबाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या.

"हे पाह्य. हे फूल मिटलं हाये, हे डोमकळी. याले तोडा अन् पिशवीत टाका, वावरात फेकू नका. फेकली तर अळी निघून दुसरीकडं जाते... हे बोंड वरून कसं ताजं दिसते, नाही? उकला. हे पाह्य, आत बसली हाये. गुलाबी. डोकं काळं. हिनं सरकी खाल्ली, आता हा कापूस कवडी होणार, याले भाव नाही... हे चांगलं हाये. याले राहू द्या." हे शेवटचं त्या अशा आवाजात म्हणाल्या, की झोपलेल्या लेकरावरून पांघरूण सारखं करताहेत असं वाटावं. "वीस बोंडं तोडा. रोज नाही, आठ दिवसांनी. वावराच्या चारी कोपऱ्यातली अन् मधातली. वीसात दोनात अळी दिसली तर औषध, नाही दिसली तर नाही. अन् बीटी हाये म्हणून निजू नका. बीटी काय रात्री उठून राखण करते?"

इतक्यात पडद्यामागून कुकरची शिट्टी झाली. "सरवरी, गॅस बारीक कर!" गोजरबाई त्याच दमात ओरडल्या आणि पुढच्या बोंडाकडं वळल्या.

आलिमानं कपाळाला हात लावला. पण दोन मिनिटं पुरी झाली होती आणि वीसची वीस बोंडं बरोबर. चार वाजायला तीन मिनिटं कमी होती.

शिट्टी आणि ओरडणं कापायचं, असं तिच्या मनात होतं. लाईट परत आल्यावर बद्रुद्दीनभाईंनी हेडफोन लावून ऐकलं आणि मान हलवली. "रहने दे. लगता है घर में बैठ के बता रही है."

मग आलिमा कन्व्हर्ट करायला बसली. सेकंदाला तीस चित्रं होती, ती दहा केली. थांबून थांबून दाखवायचं तर दहा पुष्कळ झाली. आवाज दोन बाजूंचा होता, तो एका बाजूचा केला, पण फार नाही दाबला, गोजरबाईंचा शब्द न्‌ शब्द कळायला हवा होता. वारा गेल्यानं पानांचा खर्चच नाहीसा झाला होता. वाचलेली सगळी जागा बोंडांना मिळाली. पहिल्या खेपेला तीन पूर्णांक चार एमबी. दुसऱ्या खेपेला दोन पूर्णांक आठ. तिनं अब्बांच्या जुन्या, तडा गेलेल्या मोबाईलवर लावून पाहिलं. बोंड उकललं. आत अळी होती. गुलाबी, काळ्या डोक्याची, स्पष्ट.

पण तिचा आता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिनं वेबसाईटवर चढवला खरा, पण कोणाला सांगितलं नाही. सकाळी गोजरबाईंना घेऊन ती भगवानरावांच्या वावरात गेली, थेट लिंबाखाली, जिथं एक काडी येत होती. भगवानरावही आले. तिघं एका मोबाईलवर वाकले. स्क्रीनवर लोडिंगचा गोल फिरत राहिला. एक मिनिट, दीड मिनिट. भगवानराव घसा खाकरत होते. मग गोजरबाईंचाच आवाज लिंबाखाली घुमला, "हे पाह्य. हे फूल मिटलं हाये..."

गोजरबाई दचकल्या. "हे मी हाये?"

"तुम्हीच."

"इतकी भांडखोर बोलते मी?" पण डोळे स्क्रीनवर. पहिलं बोंड उकललं. "हाये," त्या म्हणाल्या. दुसरं. "हाये." विसाव्यापर्यंत कुठं अळी दिसते, कुठं नाही, हे त्यांनी एकेक ताडून घेतलं, आणि मग मोबाईल आलिमाच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता झालं."

भगवानराव मात्र गोजरबाईंकडं पाहत होते. "गोजरबाई, तुम्ही माह्या वावरात वीस वर्षं झाली येऊन राह्यल्या. हे सारं तुम्हाले येते, मले कधी सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही कधी विचारलं?"

भगवानराव म्हणाले, "खरं हाये."

परत निघताना गोजरबाईंनी आलिमाला दंडाला धरून थांबवलं. "आली हायेस तर एक खरं बोंड तोडून जा." त्यांनी झाड दाखवलं, बोंड मात्र तिलाच निवडायला लावलं. आलिमानं एक निवडलं, देठातून पिळून तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टणक होतं, उकलेना. गोजरबाईंनी दातात धरून त्याला चीर दिली आणि परत दिलं. आत ओलसर पांढऱ्या पाकळीत, तांदळाच्या दाण्याएवढी, एक अळी वळवळत होती.

"एवढीशी?" आलिमा म्हणाली. गेममध्ये ती वालाच्या दाण्याएवढी होती.

"एवढीशीच. हत्ती असती तर तुमच्या व्हिडिओची काय गरज होती?"

पुढच्या पंधरा दिवसांत तो व्हिडिओ कुठं कुठं गेला, याचा पत्ता वेबसाईटलाही नव्हता. लोकांनी तो उतरवून घेतला, एकमेकांना पाठवला, मोबाईलच्या दुकानांतून मेमरी कार्डात भरून नेला. मेहकरकडून फोन आले, हिवरा आश्रमाहून आले. लोक भगवानरावांना विचारत, "त्या आजी कुठल्या?" आणि दोघा-तिघांनी हेही विचारलं, की सरवरीनं मग गॅस बारीक केला का. शेषरावांचा फोन आला तेव्हा भगवानरावांनी तो दुकानात आणूनच आलिमाच्या हातात दिला.

"ताई, वीस बोंडं फोडली," शेषराव सांगत होते. आवाज या वेळी खूश नव्हता, पण जागा होता. "पाचात निघाली. वरून एकबी ओळखू आली नसती. कृषी सहायकाला विचारून, तोंड बांधून फवारलं. आजीला सांगा, पिशवीत टाकली फुलं, रानात नाही फेकली."

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. त्या वर्षी अळीनं जिल्हाभर धुमाकूळ घातला. एका व्हिडिओनं ती थांबणार नव्हतीच. भगवानरावांचाही निम्मा कापूस कवडी निघाला. ज्यांनी वेळेवर बोंडं फोडून पाहिली, त्यांची पहिली वेचणी तेवढी हाती लागली. शेषराव त्यातले. गोजरबाईंची वेचणी मात्र दरवर्षीपेक्षा महिनाभर आधीच आटोपली. वेचायला उरलंच नव्हतं. त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. दुपारच्या चहाला आता रोज येऊ लागल्या, एवढंच. भगवानराव आता विचारणाऱ्यांना दुकानाचाच नंबर देत. फोन वाजला की आलिमा तो त्यांच्याकडं सरकवून द्यायची. "अगोदर बोंड तोड, मंग बोल," असं त्या कोणा अनोळखी माणसाला दरडावत, आणि पडद्यामागं सरवरीबी हसत असत.

डिसेंबरात भगवानराव पुन्हा आले. पऱ्हाट्या लवकर उपटून टाकल्या तर पुढच्या वर्षाला अळी कमी राहते, तेव्हा फरदडीच्या, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर उशिरा येणाऱ्या कापसाच्या, लोभानं उभं पीक ठेवू नका, असं सांगणारा दुसरा व्हिडिओ हवा होता. या वेळी गेम नको, गोजरबाईंनीच बोलायचं. पुष्पांजलीचंही तेच म्हणणं होतं.

ठरल्या दिवशी गोजरबाई आल्या त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. बद्रुद्दीनभाईंनी कॅमेरा तिपाईवर चढवला. आणि चाळीस वर्षं वावरात बारा बायकांचा आवाज एकटीनं काढणाऱ्या गोजरबाई लाल दिवा लागताच दगडासारख्या बसून राहिल्या. ओठ हलले, आवाज नाही. बद्रुद्दीनभाईंनी धीर दिला, भगवानरावांनी खोकून दाखवलं. काही नाही.

तेव्हा आलिमा कॉम्प्युटरवरून उठली. कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला, जमिनीवर, गोजरबाईंच्या समोर पाय दुमडून बसली.

"आजी," ती म्हणाली, "पऱ्हाटी उपटायची काऊन? मले नाही समजलं."

गोजरबाईंनी तिच्याकडं पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"तुले कधी समजते वं?" त्या म्हणाल्या. "आयक. सांगते."